मदत हवी आहे : वडिलांच्या सेवा अभिलेखात पूर्वी स्टार आणि वूंड मेडलची नोंद कशी करून घ्यावी?

नीलाक्षी_म

नमस्कार. माझे वडील १९६८ मध्ये पायदळात शिपाई म्हणून भरती झाले, १९७१ च्या युद्धात त्यांची पलटण पूर्व आघाडीवर होती आणि १९८३ मध्ये ते नाईक या हुद्द्यावरून पेन्शनवर आले. त्यांची परवानगी घेऊनच लिहीत आहे, मात्र त्यांचे नाव, नंबर आणि रेजिमेंट येथे देत नाही.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात (निवृत्त होताना मिळालेल्या सेवा-पुस्तिकेत) पदकांच्या रकान्यात तीनच नोंदी आहेत : संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे मेडल. पूर्वी स्टारचा, म्हणजे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर सेवा केलेल्यांच्या पदकाचा, उल्लेख नाही, पण पूर्वी स्टार प्रत्यक्षात घरी आहे. वडील सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात, असताना तो त्यांना टपालाने आला होता. दुसरी गोष्ट अशी की, डिसेंबर १९७१ मध्ये तोफगोळ्याची किरच त्यांच्या डाव्या मांडीत घुसली होती. आधी फील्ड ॲम्ब्युलन्स, मग मिलिटरी हॉस्पिटल आणि त्यानंतर लो मेडिकल कॅटेगरी (कमी वैद्यकीय श्रेणी) देऊन सेंटरला बदली, असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. युद्धात जखमी झालेल्यांना दिले जाणारे वूंड मेडल मात्र त्यांना ना हातात मिळाले, ना कागदावर. हॉस्पिटलमधून सुटी मिळतानाची एक जीर्ण चिठ्ठी आणि एका मेडिकल बोर्डाची अस्पष्ट प्रत एवढेच कागद आमच्याकडे उरले आहेत.

रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला वडिलांच्या सहीने साधे पत्र पाठवले असता ‘उपलब्ध अभिलेखात पूर्वी स्टारची नोंद आढळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. जखमेविषयी त्यात काहीच नव्हते. पदक हातात असताना त्याची नोंद कशी नाही, डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करण्याचा अधिकार नेमका कोणाला असतो आणि पन्नास वर्षांहून जुन्या जखमेसाठी आता वूंड मेडल मागता येते का, हे जाणकारांनी सांगावे.

पलटणीचा_बाबू

ताई, मी सेनेत लिपिक होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ‘डिस्चार्ज बुक दुरुस्त करा’ असा अर्ज केला की तो बहुतेक वेळा अशाच एका ओळीच्या उत्तरावर संपतो, कारण डिस्चार्ज बुक हा मूळ अभिलेख नाही. जवान घरी जाताना त्याच्या शीट रोलवरून, म्हणजे मूळ सेवापटावरून, ते उतरवून दिलेले असते. शीट रोलमध्येही कोणी आपल्या मनाने ओळ घालू शकत नाही. त्यासाठी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या सेवेतील बदल नोंदवणारा अधिकृत आदेश, प्रसिद्ध व्हावी लागते. भरती, बदली, बढती, लग्न, मुलांचा जन्म, जखम, पदक हे सगळे त्याच मार्गाने कागदावर चढते. म्हणून आपली मागणी ‘अमुक पदकाची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करून शीट रोलमध्ये नोंद घ्यावी आणि तसे प्रमाणपत्र द्यावे’ अशा शब्दांत असावी.

आपली दोन प्रकरणे मला एका जातीची वाटत नाहीत. पूर्वी स्टार हे एका माणसाच्या पराक्रमाचे पदक नसून त्या आघाडीवर सेवा केलेल्या सर्वांसाठी होते. वीर चक्र किंवा सेना मेडलप्रमाणे त्याची नावे राजपत्रात छापून येत नाहीत, त्यामुळे राजपत्र शोधण्यात वेळ घालवू नये. अशा पदकासाठी युनिट नामावली करून पाठवते. जो जवान जखमी होऊन पलटणीच्या बळातून कमी झाला, त्याचे नाव नामावलीत राहिले तरी पुढची ऑर्डर पलटणीने काढायची की सेंटरने, या घोळात ती निघतच नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही स्टार घरी आला आहे, म्हणजे कोणीतरी दावा केला होता, तो मंजूर झाला होता आणि वाटपाची नोंदही कुठेतरी झाली असणार.

एक काम आजच करावे. सरकारकडून आलेल्या पदकावर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव उमटवलेले असते. बाजारातून घेतलेल्या नकलेवर ते नसते. भिंग घेऊन स्टारवरील प्रत्येक अक्षर डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहावे.

शिवथर

कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, पण या वयात वडिलांना या कागदांच्या फेऱ्यात कशाला ओढायचे? स्टार घरात आहे, छातीवर लावता येतो. या पदकांवर काही भत्ता मिळत नाही, आणि राज्य शासनाची रोख अनुदाने शौर्यपदकांसाठी आहेत, मोहिमेच्या पदकांसाठी नाहीत.

कॅप्टन_निवृत्त

शिवथर, पूर्वी स्टारपुरते आपले म्हणणे खरे आहे. जखमेच्या बाबतीत मात्र मी असहमत आहे आणि ताईंनी आपला क्रमही उलटा करावा असे सुचवतो. वूंड मेडल प्रत्यक्ष शत्रूच्या कारवाईत झालेल्या जखमेसाठी दिले जाते. युद्धक्षेत्रात गाडी उलटून हात मोडला तर ते मिळत नाही. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमा त्यासाठी ग्राह्य आहेत, त्यामुळे १९७१ ची जखम केवळ जुनी आहे म्हणून बाद होत नाही. परंतु ते मिळण्यासाठी वडिलांची नोंद बॅटल कॅज्युअल्टी (शत्रूच्या कारवाईत जखमी) अशी असली पाहिजे, आणि त्या दोन शब्दांचे वजन पदकापेक्षा कितीतरी अधिक आहे. साधे अपंगत्व पेन्शन आणि युद्धजखमेचे पेन्शन यांच्या दरात मोठा फरक असतो. वडील लो मेडिकल कॅटेगरीत होते, तर निवृत्त होताना त्यांचा मेडिकल बोर्ड झाला असेल. त्या बोर्डाने अपंगत्व किती टक्के धरले आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले, हे आधी मिळवा. पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) फक्त सेवा पेन्शन दिसत असेल, तर प्रश्न पदकाच्या पलीकडचा आहे. ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर पेन्शनचा तपशील दिसेल; पदकांचा शोध तेथे घेऊ नये.

हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर निदान काय आहे, तारीख कोणती आणि कोणत्या ठिकाणाहून पाठवले, हे वाचता येते का?

नीलाक्षी_म

आपणा सर्वांचे आभार. शिवथर, फेऱ्या मी मारणार आहे, वडिलांना फक्त सह्या करायच्या आहेत. आणि नोंद व्हावी ही इच्छा त्यांचीच आहे.

बाबूसाहेब, स्टारवर हुद्दा शिपाई आणि नाव बरोबर आहे, पण नंबरातील शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. संग्राम मेडलवर नंबर अचूक आहे.

हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर ‘स्प्लिंटर वूंड’ आणि डावी मांडी एवढे स्पष्ट वाचता येते, तारीख डिसेंबर १९७१ ची आहे. मेडिकल बोर्डाच्या प्रतीवरील टक्केवारीचा आकडा मात्र घडीवर आल्याने पुसला गेला आहे.

पलटणीचा_बाबू

मग ‘नोंद आढळत नाही’ हे उत्तर त्यांच्या दृष्टीने खरेच होते. त्यांनी आपल्या वडिलांच्या नंबरापुढे शोधले, आणि नोंद चुकीच्या नंबरापुढे, कदाचित दुसऱ्याच कोणा जवानाच्या शीट रोलमध्ये, पडलेली असू शकते. नव्या अर्जात दोन्ही नंबर द्या, स्टारवरील अक्षरे वाचता येतील असे छायाचित्र जोडा आणि ‘दोन्ही नंबरांखालील पदक वाटपाची नोंद तपासावी’ असे स्पष्ट लिहा. मूळ स्टार टपालाने कदापि पाठवू नका.

अर्ज त्या रेजिमेंटच्याच रेकॉर्ड ऑफिसला जावा : मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर सागर, बॉम्बे सॅपर्स असतील तर खडकी, तोफखाना असेल तर नाशिक रोड. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवून एक प्रत थेट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी, असा माझा आग्रह असतो. जिल्ह्याच्या शिक्क्याला थोडे वजन असते आणि थेट प्रतीची पोच आपल्या हातात राहते.

कॅप्टन_निवृत्त

त्याआधी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज जाऊ द्या. शीट रोल, १९७१ आणि १९७२ मधील त्यांच्या नावाच्या पार्ट टू ऑर्डर आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही, यांच्या प्रमाणित प्रती मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्जदार वडील स्वतःच असावेत. आपल्या नावाने गेला तर ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारला जाण्याची शक्यता असते, आणि त्यांच्या हयातीत ती अडचण ओढवून घेण्याचे कारण नाही. कागद नष्ट झाल्याचे उत्तर आले, तर कोणत्या आदेशाने आणि कधी नष्ट केले हे लेखी विचारावे आणि लाँग रोलमधील (भरती झालेल्या जवानांच्या कायम नोंदवहीतील) नोंदीची प्रत मागावी.

पलटणीच्या युद्धदैनंदिनीचाही उपयोग होतो, पण मर्यादित. तिच्यात जवानांची नावे क्वचितच असतात. अमुक दिवशी अमुक ठिकाणी तोफांचा मारा झाला आणि इतके जखमी झाले, हे मात्र मिळू शकते, आणि त्या तारखेशी आपल्या चिठ्ठीची तारीख जुळली तर पुरावा भक्कम होतो. उदाहरण म्हणून सांगतो, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीची (आजच्या बांगलादेशातील) जमालपूरची लढाई १० आणि ११ डिसेंबरची. त्या पलटणीतील जवानाच्या चिठ्ठीवर ११ तारीख असेल, तर प्रसंग वेगळा सिद्ध करावा लागत नाही. त्याच तुकडीतील एखादा सोबती हयात असेल तर त्याचे शपथपत्र घ्यावे. त्यात त्याने स्वतः काय पाहिले तेवढेच असावे, ऐकीव गोष्टी नकोत.

एवढे करूनही नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्या राज्यात असले तरी निवृत्त सैनिकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येते. अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत मोजली जाते, म्हणून नकाराचे पत्र आलेला लिफाफा शिक्क्यासकट जपावा.

नीलाक्षी_म

माहिती अधिकाराचा अर्ज वडिलांच्या नावाने तयार करत आहे. एक शंका उरते : जखमेचा आणि स्टारचा विषय एकाच अर्जात असावा की वेगळा?

पलटणीचा_बाबू

वेगळा. रेकॉर्ड ऑफिसात पदकांचे टेबल वेगळे आणि पेन्शनचे वेगळे. एकच अर्ज केला तर तो पहिल्या टेबलावर निकाली निघतो आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही अर्जांत एकमेकांची तारीख नमूद करा, आणि स्टारवरच्या चुकीच्या नंबराचा उल्लेख जखमेच्या अर्जात अजिबात करू नका, नाहीतर तेथेही ओळख पटवण्याचा नवा प्रश्न निघेल.