ॲरिझोना, नोव्हेंबर: आईबाबा आणि लेकीसोबत कुठे चालावं?

सदाफुली
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. साताऱ्याहून आलेले आईबाबा, नवरा आणि दहा वर्षांची लेक असे सगळे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फिनिक्सला उतरतोय. हाताशी आठवडाभर आहे. बाबा 67 वर्षांचे, अजून रोज सकाळी अजिंक्यतारा चढतात, राजगड-तोरणा तर त्यांना पाठ आहेत. आईचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर ती तासभर आरामात चालते. बाबांनी ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊन कोलोरॅडो नदीला हात लावून यायचं मनावर घेतलंय, तेही एका दिवसात. यादीत सध्या सेडोना, ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन, झायन आणि टूसॉन आहे. काय ठेवू, काय गाळू? आणि बाबांना काय सांगू?

निवडुंग
झायन गाळा. सुंदर आहे, पण ते शेजारच्या युटा राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या साऊथ रिमहून (दक्षिण काठावरून) तिकडे जायला जवळजवळ पाच तास गाडीत जातात. तिथली एंजल्स लँडिंग ही कड्यावरची चढाई करायची तर 2022 पासून परमिट लागतं आणि त्यासाठी सोडत असते. आईंच्या गुडघ्यांना ती वाट झेपणार नाही. झायनला स्वतंत्र सहल करा. फिनिक्स, सेडोना, कॅन्यन, पेज (अँटिलोपजवळचं गाव) आणि परतताना टूसॉन एवढ्यात आठवडा भरतो.

कातळवाट
बाबांना एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ देऊ नका. पार्कचे रेंजरही हेच सांगतात, वाटेवर तशा पाट्याही आहेत. बाबा धडधाकट आहेत यात शंका नाही. पण गडांची सवय इथे उलटी पडते.

राजगडावर आपण सकाळच्या गारव्यात, ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. दम संपला तर मध्येच मागे वळता येतं. कॅन्यनमध्ये आधी उतार. पाय आपोआप पडत जातात, आपण मजेत आहोत असं वाटतं, आणि सगळा चढ शेवटी, दमलेल्या पायांनी. इथे मागे वळणं म्हणजेच चढायला लागणं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, हा तिथला साधा हिशोब आहे. साऊथ कायबॅब वाटेने नदी सुमारे 4,800 फूट खाली आहे. शिवाय साऊथ रिमच सुमारे 7,000 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बरंच वर. हवा विरळ, ती पहिल्याच दिवशी जाणवते. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं.

आता पाणी. आपल्याला गडावर टाकं असणार, वाटेत झरा लागणार याची सवय असते. साऊथ कायबॅब वाटेवर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही नावालाच. ब्राइट एंजल वाटेवर नळ आहेत, पण काही थंडीत बंद करतात आणि पाइपलाइन फुटली की बाकीचेही बंद पडतात. त्या दिवशी कुठला नळ चालू आहे हे व्हिजिटर सेंटरमध्ये विचारूनच खाली उतरा.

हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी उडून जातो. सह्याद्रीत शर्ट भिजला की कळतं, इथे कळत नाही. म्हणून तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं. पण नुसतं पाणीही ढोसायचं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. ते धोक्याचं आहे. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, खारे दाणे, चिवडा सोबत ठेवा. या कामाला आपला फराळ उत्तम.

बाबा, तुम्ही आणि लेक यांच्यासाठी माझी पहिली पसंती साऊथ कायबॅबवरचं सीडर रिज. दीड मैल खाली, साधारण 1,100 फूट उतार. पाऊण मैलाच्या थोडं पुढे ऊ-आ पॉइंट लागतो, लेक कुरकुरली तर तिथूनच वळा, देखावा तिथूनही विलक्षण आहे. खासगी गाडी वाटेच्या तोंडापर्यंत नेता येत नाही, व्हिजिटर सेंटरहून पार्कची मोफत बस आहे, तिची सकाळची फेरी पकडा. वाटेत खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला सरकून शांत उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. तुमच्या तारखांना सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, तेव्हा परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा आणि हेडलॅम्प सोबत असू द्या.

रानजाई
आईंसाठी लिहिते. कड्याच्या काठाने डांबरी, सपाट वाट आहे, रिम ट्रेल. तिचाच एक भाग म्हणजे ‘ट्रेल ऑफ टाइम’, यावापाई भूविज्ञान संग्रहालयापासून ग्रँड कॅन्यन व्हिलेजकडे जाणारा. त्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. चालता चालता त्या त्या काळातले खडक मांडून ठेवलेले दिसतात, हात लावून बघता येतात. आईंना सांगा, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या वाटेवर आजपासून फक्त 66 मीटरवर. पायाखालच्या कड्याचा चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांचा. आणि अगदी तळाशी नदीकाठी जो काळपट खडक दिसतो तो जवळपास 175 कोटी वर्षांचा, त्याचं नाव विष्णू शिस्ट. ब्रह्मा आणि राम यांच्या नावाचेही खडक तिथे आहेत. दरीत उभ्या असलेल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल म्हणतात. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाचा 1882 साली कॅन्यनवर मोठा ग्रंथ निघाला, पौर्वात्य देवळांवरून नावं द्यायची प्रथा त्याच्यापासून पडली. माझ्या सासूबाई विष्णूच्या सुळक्याकडे बघून हात जोडून उभ्या राहिल्या होत्या, मला फार आवडलं ते.

काठाकाठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर नोव्हेंबरअखेरपर्यंत खासगी गाड्या बंद असतात, पण मोफत बस प्रत्येक पॉइंटला थांबते. गुडघ्यांना यापेक्षा सोयीचं काही नाही. पहाटे कानटोपी, हातमोजे हवेतच, पाणी गोठेल इतकी थंडी पडते.

निवडुंग
अँटिलोपबद्दल राहिलं. ती जागा नावाहो लोकांच्या भूमीत आहे, त्यांच्या वाटाड्यांसोबतच जाता येतं, आरक्षण आतापासून करा. तिचे अप्पर आणि लोअर असे दोन भाग आहेत. लोअरमध्ये लोखंडी उभे जिने आहेत, म्हणून आईंसोबत अप्पर घ्या, आत सपाट वाळूवरून चालायचं. वरून पडणारा तो फोटोतला प्रकाशाचा झोत नोव्हेंबरात मिळत नाही, मुलीला आधीच सांगून ठेवा. दगडाचे रंग मात्र तेव्हाही वेड लावतात.

आणि वाटाड्या म्हणाला ‘आज बंद’, तर हुज्जत नको. 12 ऑगस्ट 1997 ला तिथे पुराने 11 जण गेले, आणि पाऊस कित्येक मैल लांब पडला होता. वाळवंटातली जमीन पाणी मुरू देत नाही, सगळा लोंढा चिंचोळ्या घळीत येतो. कोरड्या ओढ्यात गाडी लावणं, ओढ्यात बसून डबा खाणं, दोन्ही टाळा.

मुक्काम_टूसॉन
टूसॉन गाळू नका, लहान मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं. सवारो म्हणजे खांबासारखा उंच निवडुंग, त्याच्या नावाच्या सवारो नॅशनल पार्कचे दोन भाग आहेत, तुम्ही पश्चिमेकडचा घ्या. डेझर्ट डिस्कव्हरी ही अर्ध्या मैलाची पक्की वाट आईंसाठी, सिग्नल हिलवर दगडांत कोरलेली प्राचीन चित्रं लेकीसाठी. हात फुटलेला सवारो दिसला की तिला सांगा, पहिला हात फुटायलाच बहुधा 50 ते 75 वर्षं लागतात. आजीआजोबांच्या वयाचं झाड म्हणून ती बघत राहील. जवळच सोनोरन डेझर्ट म्युझियम आहे, त्याचा बराचसा भाग उघड्यावरच आहे.

खिशात एक जुना कंगवा ठेवा. चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी गोळे हलक्या धक्क्यानेही अंगाला चिकटतात, हाताने काढायला गेलात तर हातात रुततात. कंगव्याने उचकटून दूर फेकायचे. आणि दगडाखाली, कपारीत न बघता हात घालायचा नाही, विंचू असतात.

सदाफुली
सगळ्यांचे मनापासून आभार. झायन गाळलं. कातळवाट, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. सीडर रिजला ते तयार झाले. पण विचारतायत, नदीला हात लावायचाच असेल तर योग्य रीत कोणती?

कातळवाट
काकांना नमस्कार सांगा. रीत म्हणजे खाली मुक्काम करणे. तंबू टाकायचा तर पार्ककडून रात्रीच्या मुक्कामाचं परमिट लागतं. छपराखाली झोपायचं तर तळाशी फँटम रँच आहे, तिथल्या जागांसाठी सोडत निघते आणि अर्ज वर्षभराहून आधी करावा लागतो. महिना मार्चचा शेवट किंवा ऑक्टोबर धरा, उन्हाळ्यात तळाशी पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो. साऊथ कायबॅबने उतरायचं, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघून ब्राइट एंजलने चढायचं, वाटेत हवासुपाय गार्डन्सला झाडांखाली मोठी विश्रांती. तोवर अजिंक्यतारा पाठीवर पाच-सहा किलो वजन घेऊन चढायला लागा म्हणावं.