जळजळ, ठसका आणि अडकलेला घास : मराठवाडेकरांनो, आपापले अनुभव सांगा

परभणीच्या बाई

आपल्याकडं छातीत जळजळलं तरी पित्त, घशाशी आंबट आलं तरी पित्त, घास अडकला तरी पित्तच. मेडिकलवाला सगळ्यांना एकच पट्टी कापून देतो. पण जळजळणं, अडकणं आणि ठसका लागणं ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, हे कळेपर्यंत लई जणांची वर्षं जातात. म्हणून हा धागा काढते. औषधांची जाहिरात नको, तुमच्या घरात काय झालं ते लिहा.

माझं आधी. शाळेत शिकवते. जळजळ जुनीच होती, दुपारनंतर आवाजही बसायचा. मग भाकरीचा घास छातीच्या मधोमध थांबायला लागला. वरण-भात जायचा, भिजवलेली पोळी जायची, भाकरी नाही. पंगतीत हळूच उठून मोरीकडं जावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, घाईत जेवतीस.

नांदेडला दुर्बीण केली. भीती वाटते तेवढं काही नसतं. आदल्या रात्रीपासून उपाशी. घशात कडू फवारा मारतात, जीभ जाड झाल्यासारखी वाटते. डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लास्टिकची कडी देतात आणि नळी आत. ढेकरा येतात, लाळ गळते, पण श्वास चालू राहतो. आम्लानं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा होऊन, भरताना तिथं नळी आकसली होती. तुकडा तपासायला पाठवला (त्यात वाईट काही नव्हतं) आणि फुग्यानं ती जागा रुंद केली. नंतर पुन्हा एकदा करावी लागली.

आता आम्ल कमी करायची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी. आम्ल तयार करणारे पंप जेवणानं जागे होतात, गोळी त्याआधी रक्तात पोचायला हवी. जेवणानंतर घेतली की निम्मी वाया. झोपायच्या तीन तास आधी जेवण. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, साधारण १५ ते २० सेंटिमीटर उंची. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट दाबलं जातं. येसरची आमटी सोडलेली नाही, रात्री तेवढी खात नाही.

कोयत्याच्या घरचा (बीड)

बाईंनी लिहिलेलं वाचलं. झोपायच्या तीन तास आधी जेवण हे आमच्या मायला सांगा! उसाच्या फडात पहाटे अंधारात उठायचं, काळा चहा, कोपीत (झोपडीत) भाकरी थापायची, दोन घास खाल्ले की कोयता. म्हणजे पोट भरलं रे भरलं की दिवसभर वाकून तोडणी, वर मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. रात्री अवेळी गाडी आली तर जेवणावरून उठून तेच.

डॉक्टरनं सांगितलं, मायच्या पोटाचा वरचा भाग श्वासपटलातल्या भोकातून छातीकडं सरकलाय, त्याला हायटस हर्निया म्हणतात. वाकलं की पोटातलं वर येणारच. शिवाय कंबर दुखते म्हणून सगळ्या बाया दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी खातात, मुकादमच पट्टीच्या पट्टी आणून देतो. त्या गोळ्या पोट सोलून काढतात. त्या बंद केल्यावर मायचं निम्मं दुखणं गेलं. बाकी निम्म्यासाठी उकडलेला बटाटा, मऊ भाकरी ताकात कुस्करून, थोडं थोडं. वाकायचं कसं थांबवणार? मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते.

लातूरचा रिपीटर

आमच्या हॉस्टेलातला किस्सा. रूमपार्टनरला चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी डॉक्सिसायक्लिन दिलेली. पोरगं रात्री बारापर्यंत वाचायचं, मग आडवं होऊन गोळी कोरडीच गिळायचं. एके सकाळी त्याला स्वतःची थुंकी गिळता येईना. रडत होता. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. दवाखान्यात कळलं की गोळी नळीतच चिकटून विरघळली आणि तिथं भाजल्यासारखी जखम झाली. काही दिवस पातळ खाऊन बरा झाला. आता पूर्ण ग्लास पाणी पितो आणि गोळीनंतर अर्धा तास तरी आडवा होत नाही. मेसचं रात्री दहाचं तिखट जेवण आणि वर परत चहा, यावर मी काही बोलत नाही, अख्खं ट्यूशन एरिया त्यावर चालतं.

गोदाकाठ (नांदेड)

आमच्याकडं जळजळ नाही, ठसका आहे. दादांना (वडिलांना) अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. हातापायांकडं सगळ्यांचं लक्ष, गिळण्याकडं कुणाचंच नाही. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजायचा. दादा खोकायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आवाज ओला-ओला व्हायचा, पाहुणा म्हणायचा, 'कुणीतरी आठवण काढली.' मग ताप आला. फोटोत निमोनिया. अन्न-पाणी फुप्फुसात जात होतं. काही पेशंटला तर खोकलाही येत नाही, गुपचूप आत जातं. ते जास्त वाईट.

स्पीच थेरपी म्हणजे फक्त बोलणं शिकवणं, असंच मी समजत होतो. थेरपिस्ट ताईंनी आधी गिळणं शिकवलं. सगळ्यात अवघड पाणी! ते पटकन धावतं, तेवढ्यात श्वासनलिकेचं झाकण लागत नाही. घट्टसर पदार्थ हळू सरकतो, सावरायला वेळ मिळतो. दुसरं अवघड म्हणजे दोन तऱ्हांचं एकत्र, पातळ आमटीत भाकरीचे तुकडे किंवा चहात बुडवलेलं बिस्कीट.

आमचे नियम: ताठ बसवायचं. हनुवटी छातीकडं झुकवून गिळायचं (हे सगळ्यांना चालतंच असं नाही, आमच्यासाठी ताईंनी तपासून सांगितलं). घास धड बाजूला द्यायचा. एक घास गिळून झाल्यावर 'आ' म्हणायला लावायचं, आवाज ओला आला तर थांबायचं. टीव्ही बंद. जेवल्यावर गालात काही उरलंय का बघायचं, दात घासायचे, अर्धा तास आडवं करायचं नाही. पाहुण्यांसाठी दारावर पाटी लावली आहे, 'कृपया पाणी पाजू नये'. काकू रुसल्या. रुसू द्या.

कयाधूकाठचा

माझं उलटं होतं. पहिल्यापासून पाणीसुद्धा अडकायचं. रात्री झोपेत न पचलेला भात तोंडात यायचा, उशी ओली. पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, नजरेचा उताराही टाकून झाला, वजन उतरलं, गावात लोक टीबी म्हणू लागले. शेवटी बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत दिसलं, वर नळी फुगलेली आणि खाली चोचीगत निमुळती. मग मॅनोमेट्री केली, नाकातून बारीक नळी घालून दाब मोजतात. नाव निघालं अकॅलेझिया. तुमच्यात अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली झडप ढिली, माझ्यात ती उघडतच नाही. वर्षाला लाखात एखाद्याला होतो म्हणे.

हैदराबादला पोएम केलं. तोंडातूनच दुर्बीण घालून आतला स्नायू कापतात, पोटावर टाका नाही. ही पद्धत माणसावर पहिल्यांदा २००८ मध्ये जपानात झाली. त्यानंतर धपाटा खाल्ला तेव्हा बायको ताटाकडं नाही, माझ्या गळ्याकडं बघत होती. गंमत म्हणजे आता मलाही जळजळ आहे! झडप सैल केली की काहींना ती होतेच. चालतंय.

आवळाप्रेमी

एवढ्या नळ्या घालण्यापेक्षा आवळा, ज्येष्ठमध आणि थंड दूध घ्या. माझं पित्त त्यानंच गेलं.

जालन्याची सिस्टर

भाऊ, तुमचं गेलं, आनंद आहे. जळजळीपुरतं कुणाला बरं वाटत असेल. पण आकसलेली नळी आवळ्यानं रुंद होत नाही. (ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर बीपी वाढतं, हेही लक्षात असू द्या.)

आमच्या ओपीडीत मी कशाला घाबरते ते सांगते. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पातळ अशी चढती तक्रार. सोबत वजन घटणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, रक्त कमी होणं. यात गोळी बदलत बसायचं नाही, दुर्बीणच. तंबाखू-दारूवाल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. आणि चाळिशीपुढच्या माणसाला घाम, जबडा-हात दुखणं, चालताना छाती भरून येणं असेल तर सोडा पिऊन बसायचं नाही, आधी ईसीजी.

घास श्वासात अडकला तर: माणूस जोरात खोकतोय तोवर खोकू द्या, पाणी पाजू नका, न दिसणाऱ्या गोष्टीसाठी तोंडात बोटं घालू नका. आवाजच निघत नसेल तर पुढं वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थाप, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके आत-वर, आलटून पालटून, आणि कुणालातरी १०८ लावायला सांगा. बेशुद्ध पडला तर खाली झोपवून छाती दाबायला सुरुवात. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, छाती दाबायची. गरोदर बाईचंही तसंच. हुरड्याच्या दिवसांत लहान पोरांच्या हातात अख्खे शेंगदाणे देऊ नका, कूट द्या.

टपरीसमोरचा (छत्रपती संभाजीनगर)

मला ठेचा खाल्ला की तोंड पेटतं आणि जबडा दोन बोटांच्या वर उघडत नाही. दाताच्या डॉक्टरनं बघताच विचारलं, गुटखा का सुपारी? राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पुडी मात्र मिळते. तोंडाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ झाली आहे, घासच आत जात नाही तर गिळायचं काय. पुडी सोडली आहे, जबड्याचे व्यायाम चालू आहेत.

परभणीच्या बाई

टपरीसमोरचे दादा, तपासणी मधेच सोडू नका, तो आजार पुढं कॅन्सरकडं जाऊ शकतो. गोदाकाठ, पाणी नाही तर दादांना उन्हाळ्यात काय देता? माझ्या मावशीची तीच गत आहे.

गोदाकाठ (नांदेड)

बाई, ज्वारीची आंबील. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, गाठी राहू नयेत म्हणून गाळणीतून काढायचं. जिरेपूड, मीठ. कांदा-कोथिंबीर वरून घालायची नाही, तेच घशात लागतं. चमचा तिरका केला की धार न लागता सावकाश थबकत पडली पाहिजे. थंड झाल्यावर घट्ट होते, परत ताक घालून सारखी करा. पण मावशींना किती घट्ट चालतं ते आधी थेरपिस्टकडून बघून घ्या, आमच्या दादांचं माप त्यांना लागू होईलच असं नाही.