विषाणूचं 'वावडं' असतं का?

कोथरूडकरीण: भाचीला ताप, घसा लाल, मानेत गाठी. अमॉक्सिसिलिन सुरू केलं आणि काही दिवसांत अंगभर पुरळ. आई म्हणते पित्त उठलंय. डॉक्टर म्हणाले, हा एप्स्टाइन-बार विषाणू. त्यात हे औषध दिलं की पुरळ पुष्कळदा येतं, लगेच कायमची ॲलर्जी समजू नका. फाइलवर 'अतिसंवेदनशीलता' लिहिलंय. शाळेच्या अर्जात रकाना आहे 'वावडे'. काय लिहू?

पंतोजी: वावडं वांग्याचं असतं, कष्टाचंही असतं (आमच्या घरी उदाहरण आहे). टाळता येईल अशा गोष्टीचं. 'बंडूला कांजिण्यांचं वावडं' म्हणून बघा, हसू येईल. 'अतिसंवेदनशीलता' म्हटलं की मला कविता करणारा चुलतभाऊ आठवतो. 'अतिप्रतिक्रिया' म्हणा.

नारायणपेठी: 'अति' खटकतो. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. ग्रीक 'आलोस' म्हणजे वेगळं, 'एर्गोन' म्हणजे काम. शरीराची बदललेली वागणूक, मग ती जास्त असो वा कमी. गोवर आलेल्या मुलांमध्ये क्षयाच्या ट्युबरक्युलिन चाचणीला कातडीवर येणारी प्रतिक्रिया तात्पुरती मावळते, हेही त्यांनीच दाखवलं. विषाणूनं प्रतिक्रिया घटवलीच की! पुढे अर्थ आकसत 'धुळीनं शिंका' एवढाच उरला. मराठीत 'ॲलर्जी'ला 'अधिहर्षता' काढला होता, रोमहर्षातला हर्ष. वाचणाऱ्याला वाटतं रुग्ण फार खूश आहे.

पाषाणचा प्रयोगशाळावाला: आमच्याकडे 'अति'ला पर्याय नाही, पण ते चार तऱ्हांचं, गेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांची १९६३ची वर्गवारी. मिनिटांत गांधी उठतात ती पहिली. हिपॅटायटिस बीमध्ये कधीकधी कावीळ दिसायच्या आधीच सांधे धरतात, गांधी उठतात. विषाणूचे तुकडे आणि त्यांना चिकटणारी शरीराची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) यांचे गठ्ठे रक्तवाहिन्यांत अडकतात, ती तिसरी. ओठावर नागिणीच्या भावकीतला हर्पिस येऊन गेल्यावर काहींच्या तळहातांवर नेमबाजीच्या फळीसारखे गोल चट्टे येतात. ते काम प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींचं, म्हणजे चौथीच्या घरातलं. आईंना या सगळ्यात पित्तच दिसणार, आणि कातडीवरचं वर्णन म्हणून 'पित्त उठलं' वाईट नाही. कारण म्हणून मात्र चालणार नाही.

पंतोजी: 'अतिप्रतिक्रिया' मागे घेत नाही. रकान्यात 'अमॉक्सिसिलिन: पुरळ आलं होतं, तपासणी बाकी' लिहा.

कोथरूडकरीण: रकान्यात 'आहे / नाही' एवढंच आहे. समासात लिहिलं.