मदत हवी आहे: पेशंटला आजार सांगू नका, असं घरचे म्हणतात तेव्हा सिस्टरने काय करावं?

नमस्कार. मी सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे, नोकरीचं सहावं वर्ष. दोन दिवस डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये.

वॉर्डात साठीच्या एक मावशी आहेत. स्तनाचा कॅन्सर, बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. मुलगा म्हणतो, "आईला साधी गाठ आहे एवढंच सांगा, ती खचून जाईल." परवा रात्रपाळीत सलाईन बदलताना मावशींनी माझं मनगट धरलं. "पोरी, साधी गाठ असती तर माझा मुलगा जिन्यात जाऊन रडला असता का?" मी "सकाळी डॉक्टरांना विचारू" म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे वळले. ती पकड अजून जाणवते.

सोमवारी ऑपरेशन. संमतीपत्रावर मुलाची सही झालीय, साक्षीदार म्हणून माझी मागतायत. मावशी पूर्ण शुद्धीवर आहेत, रोज पेपर वाचतात. मग सही त्यांची का नाही? समीरा कोहली खटल्यात २००८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की सज्ञान, सक्षम रुग्णाच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही.

निदान सांगणं डॉक्टरांचं काम, मान्य. पण मी मावशींशी खोटं बोलणार नाही. मुलाचाही राग येत नाही, तो घाबरलाय.

अनुभवी सिस्टर्सनो, अशा मुलाला तुम्ही कसं समजावलंत? डॉक्टरांच्या आधी मेट्रनना सांगू का? आणि सही नाकारली तर नर्सेस नोट्समध्ये नेमकं काय लिहायचं? सोमवारच्या आत कळवा, प्लीज.