शब्दचर्चा: 'प्रीक्वेल'ला मराठीत काय म्हणाल? (निमित्त 'गॉथम')

'गॉथम' मालिकेवर चार ओळी लिहायला घेतल्या आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडली, प्रीक्वेलला (आधी आलेल्या कथेच्याही मागचं सांगणारी, नंतर रचलेली गोष्ट) मराठीत लिहायचं काय? ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फॉक्स चॅनेलवर २०१४ ते २०१९ चालली, पाच सीझन, बरोब्बर १०० भाग. बॅटमॅन व्हायच्या आधीचं गॉथम शहर, पुढे बॅटमॅन होणारा ब्रूस वेन अजून शाळकरी पोरगा, गल्लीत त्याच्या डोळ्यांदेखत आईबापाचा खून होतो आणि तपास येतो जिम गॉर्डन नावाच्या नवख्या डिटेक्टिव्हकडे, जो कॉमिक्समध्ये पुढे कमिशनर होतो. म्हणजे खरा हिरो पोलीसवाला. मी आपलं 'पूर्वकथा' लिहिलं तर एक मित्र म्हणाला शाळेच्या पुस्तकातला शब्द वाटतो, 'पूर्वरंग' कर. तुमचं काय मत? (मालिकेबद्दल माझं मत: पहिला सीझन झकास, नंतर पार भरकटली. आमच्या घरातच यावर दोन तट आहेत.)

---

पूर्वरंग नको हो. कीर्तनात पूर्वरंग म्हणजे अभंग घेऊन बुवा निरूपण करतात तो भाग, गोष्ट सुरू होते उत्तररंगात, त्यामुळे पूर्वरंग म्हटलं की जाणत्या माणसाला वाटणार यात कथाच नाही. 'पूर्वार्ध' तर बादच, तो एकाच गोष्टीचा पहिला अर्धा भाग झाला. 'पूर्वपीठिका' दोन पानांत आटपते, ती १०० भाग कशी चालेल? आणि 'पूर्वसूत्र' ही साप्ताहिकातल्या क्रमशः कादंबरीच्या डोक्यावर असायची ती चौकट, मागच्या अंकात काय झालं त्याची. राहता राहिली पूर्वकथा, ती चालेल, फक्त तिच्यात एक गोष्ट निसटते की प्रीक्वेल काळाने आधीची असते पण रचलेली नंतर असते. तसा इंग्रजी शब्द तरी कुठे धड आहे, सीक्वेल लॅटिनमधल्या 'मागोमाग येणे' वरून आला, त्याचं डोकं उडवून तिथे 'प्री' चिकटवला. मराठीत खरं तर सोय आहे, मागे घडलेलं ते जुनं आणि मागून आलेलं ते नंतरचं, म्हणजे प्रीक्वेल ही मागची गोष्ट मागून सांगितलेली. पण याचा एक शब्द करून दाखवा!

---

वरच्या प्रतिसादाला +१, आणि उदाहरण आपल्याकडेच पडलंय की. रामायणाचं उत्तरकांड. नाव 'उत्तर', येतं सगळ्यात शेवटी, बरेच अभ्यासक ते मागाहून जोडलेलं मानतात, आणि त्याच्या सुरुवातीला काय आहे तर रावणाचा जन्म, त्याची तपश्चर्या, कुबेराशी भांडण, कैलास उचलायला जाणं. युद्धकांडात मेलेल्या माणसाचं बालपण! खलनायकाची प्रीक्वेल म्हणतात ती हीच.

आणि गॉथमचं दुखणंही इथेच कळतं. रावण कैलासाखाली चिरडून मरणार नाही हे ऐकणाऱ्याला माहीत असतं, तसं गॉर्डन, ब्रूस आणि पुढे बॅटमॅनचा वैरी होणारा पेंग्विन यांना काही होणार नाही हे आपल्याला माहीत, मग दर भागाच्या शेवटी पिस्तूल रोखून काय उपयोग? म्हणून मला वाटतं पहिल्या सीझनमध्ये खरी जान आणली ती फिश मूनी या गुंडांच्या म्होरकीने. हे पात्र कॉमिक्समध्ये नव्हतंच, मालिकेसाठी बनवलं, त्यामुळे ती भूमिका करणारी जेडा पिंकेट स्मिथ पडद्यावर आली की ही कधीही मरू शकते अशी धाकधूक असायची. अर्थात पुढे तिला मारलं, मग जिवंत केलं, मग परत मारलं, तिथे धाकधूकही मेली.

---

शब्द कुठलाही घ्या पण मुळात ही पूर्वकथा आहे का, हा माझा प्रश्न. पूर्वकथा म्हणायची तर पुढच्या कथेला जागा ठेवायला हवी ना? ब्रूसला मिसरूडही फुटलेलं नाही तोवर पेंग्विन गँगचा बॉस होऊन पडून परत उभा राहिलेला, बॅटमॅनचे बाकीचे वैरीही आधीच हजर, रिडलर नाव घेऊन फिरतोय, स्केअरक्रो आला, मिस्टर फ्रीझ आला, शहराचे पूल उडवून गॉथम देशापासून तोडून झालं, शेवटच्या सीझनला बेनसुद्धा हजर. मग बॅटमॅन मोठा होऊन करणार काय, या सगळ्यांना पेन्शन वाटणार? बॅटमॅनच्या गोष्टीत एक मस्त बोच आहे की हा मुखवटा घालून आला म्हणून ते रंगीबेरंगी वेडे त्याला उत्तर द्यायला आले, शहराच्या वेडात त्याचाही वाटा आहे. ही मालिका ती बोच काढूनच टाकते, कारण वेडे आधीच आलेत. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा गुन्हा, बाकी अभिनय, कॅमेरा सगळं माफ.

आणि बॅटमॅनचा सगळ्यात मोठा वैरी जोकर? त्याच्या जागी जेरोम आणला, मग त्याचा जुळा भाऊ जेरेमाया आणला, दोन्ही भूमिका कॅमेरॉन मोनाहनने तोडल्यात, पण 'जोकर' हा शब्द काही कोणी उच्चारायचा नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसलं चाललेलं.

---

हाहा, उखाण्यात घेतलं असतं तर चाललं असतं.

---

मी दुसऱ्या तटातली आहे. तुमचा सगळा राग 'प्रीक्वेल' या लेबलवर आहे, मालिकेवर नाही. लेबल काढा आणि परत बघा. माझ्या मते याला आपला जुना शब्द आहे, बखर. गॉथमची बखर! बखरीत सनावळ्यांचा घोळ असतो, दहा वर्षांच्या घटना एका दमात होतात, मेलेला माणूस चार पानांनी सल्ला देताना सापडतो, पण भाषा काय फर्मास आणि माणसं काय जिवंत. तिथे तारखा तपासायला बसलात तर इतिहासकार व्हाल, वाचायची मजा जाईल.

आता बघा, गॉथममध्ये घडी करायचे मोबाईल आहेत आणि रस्त्यावर सत्तरच्या दशकातल्या गाड्या आहेत, पोलीस स्टेशन एखाद्या जुन्या चर्चसारखं. कुठला काळ हे मुद्दाम कळू दिलेलं नाही. शूटिंग न्यूयॉर्कमध्ये झालंय पण हे न्यूयॉर्क कुठल्याच वर्षातलं नाही. एवढी खूण पुरेशी नाही का की बाबांनो आम्ही हिशोब लावत नाही आहोत? आणि रॉबिन लॉर्ड टेलरचा पेंग्विन! पहिल्या भागात हा फिश मूनीची छत्री धरणारा पोरगा, पाय मोडून घेतो, गॉर्डनला त्याला गोळी घालायचा हुकूम होतो आणि गॉर्डन खोटी गोळी झाडून पाण्यात ढकलतो, तिथून तो लंगडत लंगडत अख्खं शहर खातो. आईपुढे मांजर आणि बाहेर सुरा. त्याच्यासाठी मी अजून १०० भाग बघितले असते.

---

बखर शब्द आवडला (खबर या शब्दाची उलटापालट होऊन बखर झाला असं एक मत आहे, ते मालिकेला आणखीच शोभेल). पण ताई, बखरकार आपण सांगतो ते खरं आहे असं मानून लिहितो, त्याचा धनी समोर बसलेला असतो. इथले धनी म्हणजे चॅनेलवाले, त्यांना २२ भागांचा सीझन भरायचा होता. पहिल्या सीझनमध्ये दर आठवड्याला नवा गुन्हा, त्यातला एक तर लोकांना हवामानाच्या फुग्याला बांधून आकाशात सोडतो. लोक तेव्हा हसले, म्हणाले पोलीस मालिका आहे की सर्कस. मोंटोया आणि अ‍ॅलन हे दोन चांगले डिटेक्टिव्ह आणले आणि पहिल्या सीझननंतर गायब, कुणी विचारलंही नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या सीझनपासून त्यांनी सर्कस आहे हे कबूल केलं आणि माझ्या मते तिथून ती सुधारली. धागाकर्त्यांच्या बरोबर उलट.

अवांतर: 'क्राईम ड्रामा'साठी कृपया 'गुन्हेगारी मालिका' लिहू नका, पेपरात 'उपनगरात चोऱ्यांची मालिका' छापतात तसं वाटतं. पोलीसकथा लिहा.

---

गॉथम की गोथम? इंग्लंडात नॉटिंगहॅमशरमध्ये त्या नावाचं खरं गाव आहे, तिथले लोक 'गोटम'च्या जवळपास उच्चार करतात, मूळ अर्थ बकऱ्यांची वस्ती. त्या गावच्या मूर्खांच्या गोष्टी जुन्या काळापासून प्रसिद्ध, कोकिळेने उडून जाऊ नये म्हणून तिच्याभोवती कुंपण घालणारे लोक. वॉशिंग्टन आयर्विंगने १८०७ मध्ये न्यूयॉर्कला थट्टेने ते नाव दिलं, आणि १९४० च्या सुमारास कॉमिक्सवाल्यांनी उचललं. बॅटमॅन आणि गॉर्डन दोघंही त्याआधी, १९३९ च्या एकाच अंकात आलेले, म्हणजे शहराचं नाव माणसांपेक्षा मागून आलं. मालिकेपुरतं अमेरिकन उच्चाराप्रमाणे गॉथमच लिहा.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. शीर्षकात 'पूर्वकथा' ठेवतो, आत एकदा 'बखर' वापरतो (श्रेय देऊन). 'भरकटली' हे मात्र मागे घेत नाही. शेवटच्या भागात एकदम दहा वर्षं पुढे उडी, त्यात मोठ्या सेलिनाला (ब्रूसची मैत्रीण, पुढची कॅटवुमन) दुसरीच नटी, आणि बॅटमॅन दिसतो तो जेमतेम क्षणभर, पाच वर्षं वाट बघून एवढंच? याच लोकांनी नंतर 'पेनीवर्थ' काढली, बॅटमॅनच्या बटलरची लंडनमधली तरुणपणची गोष्ट, आता तिच्यावरही लिहीन म्हणतो. बटलरला काय लिहू?

---

नवीन धागा काढा. आणि 'खानसामा' लिहिणार असाल तर आधीच सांगा, मी येत नाही.