विजेवरच्या ट्रेलरवर बसायला अनुभवी चालक तयार होत नाहीत, याचे खरे कारण काय असावे?

प्रश्न : कळंबोलीकर

मी कळंबोलीतील एका लहान वाहतूक व्यवसायात गाड्यांचे नियोजन पाहतो. आमचे ट्रेलर प्रामुख्याने न्हावा शेवा ते चाकण या मार्गावर, बोरघाट चढून-उतरून, कंटेनर नेतात. दोन जुन्या गाड्या मोडीत काढायच्या होत्याच, त्यात केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह या विजेवरच्या वाहनांच्या योजनेत जुलै २०२५ पासून अवजड ई-ट्रकला ९.६ लाख रुपयांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झाले, आणि न्हावा शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीएनेही बंदरातल्या सुमारे ६०० अवजड गाड्यांपैकी ९० टक्के गाड्या डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर आणण्याचा मनोदय सांगितला. हे सारे पाहून मालकांनी विजेवर चालणारे दोन ट्रेलर घेतले.

अडचण अशी की, आमचे सर्वांत जाणते चार चालक त्या गाड्यांवर बसायला तयार नाहीत. विचारले की कोणी म्हणते पावसात शॉक बसेल, कोणी म्हणते घाटात बॅटरी संपेल, कोणी नुसतेच ‘नको साहेब’ म्हणून विषय संपवते. नवखी मुले आनंदाने तयार आहेत, पण ४० टनांचे वजन घेऊन घाट उतरण्याचे काम मी नवख्यांच्या हाती देऊ इच्छित नाही. भीती घालवण्यासाठी कंपनीच्या माणसाकडून दोन तासांचे प्रात्यक्षिक करवले, तरी फरक पडला नाही. ज्यांनी अशा गाड्या प्रत्यक्ष चालवल्या आहेत किंवा चालवायला नकार दिला आहे, त्यांनी मनातले लिहावे ही विनंती.

उत्तर १ : डाव्या पायाचा क्लच

मी बावीस वर्षे डिझेलची गाडी चालवली आणि गेले आठ महिने विजेच्या ट्रेलरवर बंदर ते गोदाम अशा खेपा करतो. सुरुवातीला मीही नकोच म्हटले होते. पहिला आठवडाभर माझा डावा पाय सारखा क्लच शोधत होता आणि हात गियरच्या दांड्याकडे जात होता. आता मात्र मला जुन्या गाडीवर परत बसवले, तर मी कुरकुर करीन. बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत दहा दहा फूट सरकताना शंभरदा हाफ क्लच मारून गुडघा संध्याकाळी सुजत असे, ते बंद झाले. इंजिनाची धग आणि घरी गेल्यावरही कानात राहणारी घरघर नाही. एका गोष्टीची मात्र सवय करावी लागते. ही गाडी जवळ आलेली माणसाला ऐकू येत नाही, त्यामुळे यार्डात पाठमोरा चालणारा हमाल बाजूला होईल असे गृहीत धरता येत नाही.

पण आपला प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याचे उत्तर आपले चालक आपल्याला तोंडावर देणार नाहीत, म्हणून मी देतो. आम्हाला खेपेला ठरावीक डिझेल धरून पैसे मिळत. चढाला कुठे गियर उतरवायचा, कुठे वेग राखायचा हे कळणारा चालक त्यातून दर खेपेला काही लिटर वाचवी, आणि ते पैसे त्याचे असत. याला चोरी म्हणू नये. मालकाला ठाऊक असलेला आणि मान्य असलेला तो हिशेब होता. माझ्या घरचा किराणा त्यावर निघत असे. विजेच्या गाडीत वाचलेले युनिट थेट मालकाच्या बिलात कमी दिसतात आणि चालकाच्या खिशात काहीच येत नाही. शॉकची भीती सांगणे सोपे असते, ‘माझी वरकमाई बुडते’ हे सांगणे अवघड असते. आपल्या चारही जणांना महिन्याकाठी डिझेलातून किती सुटत होते, हे शांतपणे विचारून पाहावे.

उत्तर २ : नागपूर-बेंगळुरू

वरील उत्तर योग्य असले तरी सगळे काही पैशावर येऊन थांबते, असे मला वाटत नाही. मी स्वतः नकार देणाऱ्यांपैकी आहे आणि माझी वरकमाई फारशी नव्हती.

माझी गाडी रात्री दोन वाजता आडरानात बंद पडली, तर मी डिझेलचा फिल्टर स्वतः बदलतो, पाइपातली हवा काढतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुढच्या ढाब्यावर मिस्त्री मिळतो. विजेच्या गाडीत केशरी वेष्टणाच्या तारांना हात लावायचा नाही, एवढेच मला शिकवले गेले. ते बरोबरच आहे, कारण त्या तारांमधला विजेचा दाब जीव घेणारा असतो. परंतु त्याचा अर्थ असा की, पडद्यावर लाल अक्षरे उमटली की मी माझ्याच गाडीत बसलेला प्रवासी होतो. वीस वर्षांत कमावलेला माझा कान, जो इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो, त्याला तिथे काही काम उरत नाही. नवख्या मुलाला हे खुपत नाही, कारण त्याचे गमावण्यासारखे काही नाही. आपले जाणते चालकच मागे का सरतात, याचे एक कारण इथे आहे.

क्लीनरचाही विचार व्हावा. आम्ही सगळे क्लीनर म्हणून चढलो, उस्तादाच्या शिव्या खात टायर बदलायला शिकलो आणि रिकाम्या रस्त्यावर चोरून गाडी हातात घेतली. नव्या गाडीवर मालक क्लीनर देत नाहीत.

आणि जरा विषयाच्या कडेने सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) वरून, म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाच्या कडक शिक्षेवरून, चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा मूळ राग ‘आम्हाला कोणी विचारले का’ हाच होता. आपल्या मालकांनी गाडी निवडण्यापूर्वी या चौघांपैकी एकाला तरी सोबत नेले होते का?

उत्तर ३ : जुना मिस्त्री, खोपोली

कारणांची चर्चा चांगली चालली आहे. मी घाटापुरते बोलतो, कारण ‘घाटात बॅटरी संपेल’ ही शंका निव्वळ बहाणा म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

खोपोली ते खंडाळा हा जवळपास ५०० मीटरांचा चढ आहे. ४० टन वजन तेवढे उचलायला, घर्षण आणि वारा बाजूला ठेवला तरी, सुमारे ५४ युनिट वीज लागते. म्हणजे सपाट रस्त्यावरच्या हिशेबाने निघालेला चालक घाटाच्या माथ्यावर आकडा पाहून घाबरणारच. चालकाला ‘एका चार्जवर इतके किलोमीटर’ हे कंपनीचे वाक्य सांगू नये. भरलेल्या गाडीने पायथ्याशी किती टक्के असले पाहिजेत, तो आकडा आपणच चार खेपा मोजून लिहून द्यावा.

उतरताना चित्र उलट होते. मोटरच जनित्र बनून गाडी रोखते आणि वीज परत बॅटरीत जाते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्यांचे ब्रेक तापून निकामी झालेले मी इतक्यांदा पाहिले आहेत की, केवळ या एका गुणासाठी मी ही गाडी घाटाला योग्य मानतो. न्यूट्रलचा मोहच इथे उरत नाही. पण दोन गोष्टी प्रात्यक्षिकात बहुधा सांगितल्या जात नाहीत. लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून लगेच उतरायला लागलात, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि मोटरची रोखण्याची ताकद नेमक्या गरजेच्या वेळी कमी होते. मग सारा भार हवेच्या ब्रेकवर येतो. म्हणून उताराआधी बॅटरीत थोडी जागा ठेवूनच निघावे. दुसरे असे की, मोटर फक्त ओढणाऱ्या गाडीची मागची चाके रोखते, ट्रेलरची नव्हे. रिकामा ट्रेलर, ओला रस्ता आणि मोटरची रोखण्याची पातळी सर्वांत वर असेल, तर मागचा ट्रेलर पुढे ढकलत येऊन केबिनच्या कुशीत घुसू शकतो. पावसाळ्यात ती पातळी खाली ठेवावी आणि सगळ्या चाकांचे ब्रेक एकत्र लावावेत. हे समजायला जाणताच चालक लागतो, आणि हे त्याला सांगितले की आपले कसब वाया गेले नाही, हेही त्याला कळते.

शॉकविषयी थोडक्यात : प्लग नीट बसून, गाडी आणि चार्जर यांनी एकमेकांची खूण पटवल्याशिवाय तारेत वीज सोडली जात नाही. पावसात चार्जिंग होते. मात्र फुटलेला प्लग किंवा सोललेली तार दिसली तर हात लावू नये. तेवढी भीती असलेली बरी.

उत्तर ४ : कामगार कायदा वाचणारा

एक बाजू अजून कोणी मांडलेली नाही, ती म्हणजे चार्जिंगला जाणाऱ्या वेळेची मजुरी. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसासाठी चार्जरपाशी गेलेला दीड तास म्हणजे अर्धी खेप बुडाली.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होत असे आणि दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत असे; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जुन्या अधिनियमातील ‘कामाचे तास’ या व्याख्येत गाडी धावत असतानाचे काम आणि आनुषंगिक काम येत असे. टर्मिनलवरची नुसती उपस्थिती मात्र पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच मोजली जाई. १९६१ साली चार्जिंगची कल्पना कोणाला असणार? पण आज हा प्रश्न जिवंत आहे. पाच-सात मिनिटांत बॅटरी बदलली जात असेल, तर ती वेळ त्या व्याख्येने वादाविना कामात धरली गेली असती. तासभर तार लावून बसावे लागले, तर मालक त्याला विश्रांती म्हणतील आणि चालक काम म्हणेल. माझ्या मते, गाडी ज्याच्या ताब्यात आहे, ज्याला तार लावायची, काढायची आणि पडद्यावर लक्ष ठेवायचे आहे, तो विश्रांती घेत नसतो. हे नेमणुकीच्या कागदात आधीच लिहून घ्यावे, कारण नंतरच्या भांडणात तोंडी शब्दाला किंमत राहत नाही.

प्रश्नकर्ता : कळंबोलीकर

सर्वांचे आभार. उत्तर १ वाचून मी काल चौघांनाही चहाला बसवले आणि डिझेलचा विषय मीच काढला. प्रथम शांतता होती, मग सर्वांत वयस्कर चालकाने आकडा सांगितला, आणि तो आकडा माझ्या अंदाजाच्या दुप्पट होता. शॉकचा विषय त्यानंतर कोणीच काढला नाही. उत्तर २ मधील प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गाडी निवडताना कोणालाही नेले नव्हते, आणि त्यात मीही आलो.

मालकांपुढे असा प्रस्ताव ठेवला आहे की, आधी महिनाभर भरलेल्या आणि रिकाम्या खेपेचे युनिट मोजावेत, त्यातून एका खेपेला किती युनिट लागावेत याचे प्रमाण ठरवावे, आणि त्याखाली वाचलेल्या युनिटांचे निम्मे पैसे चालकाला द्यावेत. चार्जिंगच्या वेळेला तासाचा दर लावावा. मालकांनी पहिली गोष्ट मान्य केली. दुसरीवर ते ‘गाडी उभी असताना पैसे कसले’ असे म्हणत आहेत. वयस्कर चालक फक्त मोजणीच्या महिन्यापुरते बसायला तयार झाले आहेत, आणि त्यांची अट अशी की क्लीनर सोबत हवा.

उत्तर १ : डाव्या पायाचा क्लच

क्लीनर द्या. महिनाभराची मोजणी त्याच्या हातून वहीत लिहवून घ्या. पडद्यावरचा आकडा मालक पाहतील, वहीतला चालक पाहील; दोन्ही जुळले, तरच प्रमाणावर पुढे वाद होणार नाही.