अनुभव धागा: दिवेलागणीच्या आधी घर जागेवर. तुमच्याकडे कोणती सवय टिकली?

संत्र्याची फोड
परवा नागपूरच्या इतवारीत मारबत पाहायला गेले होते, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरादारातली पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक. पिवळी मारबत 1885 पासून निघते, म्हणजे आईच्या आजीनेही पाहिली असेल. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ऐकलं आणि महाल भागातलं आमचं घरच डोळ्यांपुढे आलं. पोळ्याला दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई ते बाहेर नेऊन टाकायची आणि आम्हा चौघा भावंडांना आपापली एकेक मोडकी वस्तू आणायला लावायची. एका वर्षी माझ्या एका डोळ्याच्या बाहुलीवर पाळी आली, मी रडून आकांत केला. आई म्हणाली, "ठेव. पण मग तिला जागा दे." तिचं एवढंच म्हणणं असे. जागा देता येत नसेल तर वस्तू ठेवायची नाही.

पण मारबत वर्षातून एकदा. घर सावरायचं ते दिव्याने. सात माणसं, अडीच खोल्या. देवघराकडे जाताना ती ओरडायची, "दिवा लावून राहिली रे!" वात पेटेपर्यंत पुस्तकं कोनाड्यात, चपला पायरीखाली, कपडे खुंटीला. रोज. कोणी रागावलंय असं कधी वाटलंच नाही, दात घासावे तसं ते होऊन जायचं.

आई जाऊन चार वर्षं झाली. मनीषनगरच्या माझ्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कात्री सापडायची नाही. गेल्या दिवाळीपासून तेच सुरू केलं, संध्याकाळी दिव्याआधी दहा मिनिटं, घरातले सगळे. दहा महिने झाले, टिकलंय. कात्री आता फ्रीजच्या बाजूला खिळ्यावर असते. तुमच्याकडे काय टिकलं ते लिहा, मला मनापासून वाचायचंय.

पळसपान
मेढ्यांची आठवण काढली तुम्ही. आमचे आबा काटोलकडे आदल्या दिवशीच फांद्या तोडून आणत. बाकी नंतर लिहितो, ऑफिसात आहे.

त्रिमूर्तीनगरची आई
व्हॅनची वाट पाहत लिहून राहिली आहे. माझा मुलगा सात वर्षांचा. दोन वर्षं रोज बॅग सोफ्यावर, पाण्याची बाटली पलंगावर, डब्बा दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचा आणि वास. खूप बोलले त्याला. मग एक दिवस त्याच्या बाजूला खाली बसले आणि वर पाहिलं तर खुंटी माझ्या खांद्याच्या उंचीवर! त्याचा हातच पुरत नव्हता. सुताराला बोलावून त्याच्या छातीएवढ्या उंचीवर दोन खुंट्या ठोकल्या, खाली एक पाट. आता बॅग खुंटीला, डब्बा आणि बाटली सरळ सिंकमध्ये, मग बूट काढायचे. याच क्रमाने. लेकरावर उगाच ओरडले याचं फार वाईट वाटतं. व्हॅन आली

तलावाकाठी
23 सप्टेंबर 2023. अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रात्रीतून काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओसंडला, पहाटे उठलो तर गादी ओली आणि पाणी मांडीएवढं. आलमारीच्या सगळ्यात खालच्या खणात बाबांचे पेन्शनचे कागद, माझी डिग्री, लग्नाचा अल्बम. जड वस्तू खाली ठेवायची आमची पद्धत. पुढचे चार दिवस आई एकेक फोटो पंख्याखाली दोरीला चिमट्याने लावत होती. चिकटलेले फोटो सोडवताना चेहरेच निघून आले.

तेव्हापासून सगळे कागद झिपच्या प्लास्टिक पाऊचमध्ये, सज्ज्यावर, एकाच सुटकेसमध्ये. दर महिन्याला विजेचं बिल भरलं की त्याच दिवशी सुटकेस उघडून पाहतो. पलंगाखाली काहीच ठेवत नाही. तिसरं वर्ष चालू आहे, एकही महिना चुकला नाही.

संत्र्याची फोड
@तलावाकाठी वाचून पोटात तुटलं. आई कशा आहेत आता?

तलावाकाठी
ठीक आहे. पाऊस जोरात आला की रात्रभर खिडकीत बसते.

कूलरभाऊ
विषय थोडा वेगळा, पण मृग लागला की कूलरचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे तीन आहेत. दर मार्चमध्ये पंप शोधण्यात रविवार जातो.

सक्करदऱ्याची सून
@कूलरभाऊ सासऱ्यांची पद्धत सांगते. टाकी धुऊन दोन दिवस उन्हात कोरडी करायची, ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) झटकून वाळवायच्या, पंप जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून त्याच कूलरच्या पोटात ठेवायचा. ज्याचा पंप त्याच्यात. वरून जुनी चादर. पंप वेगळा ठेवला की हरवतोच.

पाढे पंचावन्न
निवृत्त शिक्षिका आहे. 21 दिवसांत सवय लागते असं ऐकून मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी सोडलं. आपल्यातच खोट आहे वाटायचं. मग लेकीने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचून दाखवला. 96 जणांनी 12 आठवडे रोज एक साधी गोष्ट ठरल्या वेळेला जोडून केली, जसं दुपारच्या जेवणासोबत फळ खाणं. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे कळल्यावर मला खरंच रडू आलं. चौथ्या वेळी फक्त एकच धरलं, रात्रीचं जेवण झालं की ओटा कोरडा पुसायचा. मधे नातवाच्या तापात आठ दिवस गेले, तरी परत धरलं. आता पुसल्याशिवाय झोप लागत नाही. फोडताईंच्या आईंचा दिवा म्हणजे अशीच ठरली वेळ.

निळी पहाट
आमचं घर दीक्षाभूमीजवळ. 14 ऑक्टोबर 1956 ला आजोबा गावाहून आले होते दीक्षेला, पुढे इथेच राहिले. दरवर्षी अशोक विजयादशमीला गावाकडची वीस-पंचवीस माणसं आमच्याकडे उतरतात. म्हणून हॉलमध्ये जड फर्निचर घ्यायचं नाही हे आजीने ठरवलेलं, अजून तसंच आहे. गोधड्या बावीस, दोन लोखंडी पेट्यांत, प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली. पाहुणे गेले की त्याच आठवड्यात धुऊन, कडक उन्ह दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून परत पेटीत. दमून जातो, पण "नंतर करू" म्हणत नाही. आलेल्या माणसाला स्वच्छ अंथरूण मिळालं पाहिजे.

पळसपान
आलो परत. बाबांची नजर काचबिंदूने गेली, सहा वर्षं झाली. ते हात लांब करतात तिथे वस्तू असलीच पाहिजे. तांब्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, काठी पलंगाच्या उशाकडे, रेडिओ वीतभर पुढे. एकदा मी स्टूल सरकवून विसरलो, ते पडले, मनगट मोडलं. त्या दिवसापासून घरात कोणी खुर्चीसुद्धा तिरपी ठेवत नाही. लहान पोरंही नाही.

सक्करदऱ्याची सून
काळजी घ्या बाबांची. आमच्या सासऱ्यांचंही ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात.

त्रिमूर्तीनगरची आई
@संत्र्याची फोड ताई, महालात कुठे होतं घर? माझं माहेर बडकस चौकाजवळ. आणि बाहुलीचं काय झालं मग??

संत्र्याची फोड
अगं, आमचंही तिथून पाच मिनिटांवर! बाहुलीला आईच्या शिलाई मशीनचा डावा खण दिला होता. मशीन भावाकडे भंडाऱ्याला गेली. त्यानेही खण रिकामा केला नसेल बहुतेक. आज फोन करते.

कूलरभाऊ
@सक्करदऱ्याची सून अभ्र्याची युक्ती जमली. तिन्ही पंप बांधून ठेवले. एका टाकीत हरवलेला पाना सापडला.